इकडील सर्व खुशाल

आपल्याकडं पत्र लिहायची एक ठरलेली रीत होती. 'इकडील सर्व खुशाल, तिकडील खुशाली कळवावी' हे वाक्य आधी, मग बाकीचा मजकूर. चौथीत असल्यापासून मी घरची पत्रं लिहीत आलो. पुढं शिक्षक झालो आणि गल्लीतल्या चार घरांचीही लिहू लागलो. ते वाक्य किती वेळा लिहिलं असेल याची गणती नाही. त्यातलं एका वर्षीचं मात्र आजही खुपतं. त्याबद्दल आणि त्यातून उभ्या राहिलेल्या प्रश्नाबद्दल लिहितो. प्रश्न साधा आहे. दूर, परक्या मुलखात बंदूक घेऊन उभ्या असलेल्या माणसाला घरचं दुःख कळवावं की त्याच्यापासून लपवावं? आणि लपवलं, तर ते कुणासाठी?

बेळगावच्या माणसाला पलटण म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मराठा पलटणींचं प्रशिक्षण केंद्र १९२२ पासून इथं आहे. खानापूर, चंदगड, गडहिंग्लज या बाजूच्या खेड्यांत अशी कितीतरी घरं आहेत, जिथं देव्हाऱ्याशेजारी गणवेशातला एक फोटो असतो. त्या घरांतल्या अडाणी बायकांनाही '५६ ए.पी.ओ.' आणि '९९ ए.पी.ओ.' ही अक्षरं ओळखता येत. पत्त्यात गावाचं नाव नसे, राज्याचं नसे. नंबर, हुद्दा, नाव, पलटण आणि खाली ही अक्षरं. आपला मुलगा नेमका कुठल्या डोंगरावर किंवा कुठल्या बेटावर आहे हे पत्त्यावरून कळायचं नाही. तरीही पार्सल बरोबर त्याच्या हातात पडे.

दिवाळीच्या आधी पंधरा-वीस दिवस पोस्टात अशा पार्सलांची रांग लागे. पत्र्याचा डबा, त्यावर मांजरपाटाचं कापड, दाभणानं घातलेले टाके, टाक्यांवर लाखेचे ठिपके. आत काय असणार हे साऱ्यांना ठाऊक. लाडू वाटेत फुटतात, करंजीला वास लागतो, म्हणून चकली, शंकरपाळी, कडक शेव आणि चिवडा. आमच्या घरातूनही १९८४ पासून दर वर्षी असा एक डबा जात असे. त्या वर्षी माझा धाकटा भाऊ भरती झाला होता.

जुलै १९८७ मध्ये भारत आणि श्रीलंका यांच्यात करार झाला आणि आपली शांतिसेना त्या बेटावर उतरली. शांतता राखायला गेलेल्या या फौजेला ऑक्टोबरपासून लढावं लागलं. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर आपले अकराशेहून अधिक जवान तिथं कामी आले होते. भावाची पलटण १९८८ च्या सुरुवातीला तिकडं गेली. त्याची पत्रं येत, पण त्यांत पावसाचं आणि नारळाच्या झाडांचंच वर्णन जास्त. 'मी खुशाल आहे, काळजी नसावी.' खाली सही.

त्याच वर्षी पितृपंधरवड्यात आमचे वडील गेले. दोन दिवसांचा ताप, तिसऱ्या दिवशी पहाटे सगळं संपलं. दहावं झालं त्या संध्याकाळी ओसरीवर भावाला कळवायचा विषय निघाला. पहिल्या दिवशी कुणाला सुचलंच नव्हतं, की सुचूनही कुणी बोललं नव्हतं, हे आता सांगता येत नाही. आमचे चुलते म्हणाले, "कळवून काय करणार? क्रियाकर्म तर झालंच. रजा मिळाली तरी यायला किती दिवस? आणि नाही मिळाली तर? पहाऱ्यावर उभ्या असलेल्या पोराचं चित्त इकडं लागलं आणि तिकडं काही झालं, तर ते पाप कुणाच्या माथी?" सगळे गप्प झाले. काकांचं म्हणणं खोडून काढावं असं कुणाला वाटलं नाही. मलाही नाही. आई भिंतीला टेकून बसली होती. ती हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही.

त्या आठवड्यात मी भावाला पत्र लिहिलं. 'इकडील सर्व खुशाल. आईबाबांचे आशीर्वाद.' हात थरथरला वगैरे काही नाही. पोराला सांभाळतोय असंच वाटत होतं.

मग दिवाळी जवळ आली. आपल्याकडं ज्या घरात माणूस गेलं, त्या घरात वर्षाच्या आत सण नसतो. कढई चढत नाही. शेजारपाजारचे, नात्यातले चार जण फराळ आणून देतात, तेवढाच. पण डबा गेला नाही तर भावाला शंका येणार. माझी पत्नी म्हणाली, "मी माहेरी जाऊन करून आणते, सासूबाई करतात तसंच." आईनं मान हलवली. "या घरचं तळण म्हणून काही जायचं नाही," एवढंच ती बोलली.

तेव्हा भिंतीपलीकडच्या अक्का पुढं आल्या. त्या कन्नड घरातल्या. १९८६ च्या भाषेच्या आंदोलनाला दोनच वर्षं झाली होती. चौकात माणसं एकमेकांकडं तिरक्या नजरेनं बघत, पण आमच्या दोन घरांमधल्या भिंतीवरून वाटीची ये-जा थांबली नव्हती. अक्का म्हणाल्या, "मी करतो की, त्यात काय? पोराला दिवाळीचं काही मिळू नये होय?" त्यांनी दोन दिवस राबून डबा भरला. चकली केली, शंकरपाळी केली, चिवडा केला आणि वर आपल्या हौसेनं कोडबळी घातली. आईनं डबा उघडून बघितला, झाकण लावलं आणि स्वतःच्या हातानं कापड शिवलं. मी पत्ता घातला.

कार्तिकात भावाचं पत्र आलं. फराळ पोचला, सेक्शनच्या सगळ्यांनी मिळून खाल्ला, अक्कांना नमस्कार, आईबाबांना नमस्कार. आम्ही सुटलो असं वाटलं. काका म्हणाले, "बघा, बरं झालं की नाही?" त्यानंतर मी आणखी तीन पत्रं लिहिली. तिन्हींत आईबाबांचे आशीर्वाद होते.

फेब्रुवारी १९८९ मध्ये भाऊ रजेवर आला. स्टेशनवर मी एकटाच गेलो. घरी आईचं कपाळ दिसायच्या आधी त्याला सांगायचं असं ठरलं होतं. वाटेत वाक्यं जुळवत गेलो. तो गाडीतून उतरला, ट्रंक खाली ठेवली, माझ्या पाया पडला आणि उभं राहून विचारलं, "दादा, दोघांतलं कोण?"

मला पहिल्यांदा प्रश्नच कळला नाही.

तो म्हणाला, "डबा उघडला तेव्हाच कळलं. कोडबळी दिसली तेव्हा वाटलं, अक्कांनी आपल्यातली चार घातली असतील. चकली खाल्ली, ती भाजणीची नव्हती. तांदूळ-उडदाची होती. शंकरपाळीपण अक्कांचीच. आईच्या हातचं एकही काही नव्हतं. म्हणजे आपल्या घरी कढई चढली नव्हती. तुम्ही लिहीत होता दोघं खुशाल. मग कोण गेलं ते कसं कळणार?"

साडेतीन महिने माझ्या भावानं आई गेली असंही धरलं होतं आणि वडील गेले असंही. एका दिवशी एकाचं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं. तो म्हणाला, "कोणासाठी रडायचं तेच कळायचं नाही. मग दोघांसाठीही रडून झालं." त्याला मी विचारलं, पत्रातून विचारलं का नाहीस? तर म्हणाला, "तुम्ही मला सांभाळत होता. मी विचारलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं."

आम्ही त्याला सांभाळत होतो आणि तो आम्हाला. दोन्हीकडून 'सर्व खुशाल' जात होतं आणि दोन्हीकडं खुशाली नव्हती. नंतर कधीतरी तो बोलता बोलता बोलून गेला, की ज्या आठवड्यात त्याच्या शेजारच्या खाटेवरचा पोरगा गेला, त्या आठवड्यातही त्यानं पावसाचं आणि नारळांचंच लिहिलं होतं.

ही लपवाछपवी काही आमच्याच घरात सुरू झाली नाही. पहिल्या महायुद्धात हिंदी सैनिक फ्रान्सच्या खंदकांत लढत होते तेव्हा त्यांची पत्रं सेन्सॉरचे अधिकारी उघडून वाचत. मग काही सैनिकांनी घरच्या भाषेतच वाट काढली. काळी मिरी म्हणजे हिंदी पलटणी, लाल मिरची म्हणजे गोऱ्या पलटणी. काळी मिरी संपत आली, असं लिहिलं की घरच्यांनी काय ते समजायचं. डिसेंबर १९१४ मध्ये इंग्लंडच्या राजकन्या मेरी यांच्या नावानं निधी जमवून सैनिकांना नाताळची भेट म्हणून पितळी डबी पाठवली गेली. बहुतेक गोऱ्या सैनिकांच्या डबीबरोबर तंबाखू आणि सिगारेटी असत. शिखांना तंबाखू वर्ज्य म्हणून त्यांच्या डबीत खडीसाखर आणि सोबत मसाल्याची डबी. इतर बहुतेक हिंदी सैनिकांना सिगारेटी, खडीसाखर आणि मसाला. पाणी वाहणाऱ्या भिस्त्यांना आणि त्यांच्यासारख्या इतर नोकरांना फक्त मसाल्याची डबी आणि शुभेच्छांचं कार्ड. पाठवणाऱ्यानं कुणाला केवढं मानलं तेही त्या डब्यांतून कळत होतं. पत्रात माणूस ठरवून लिहितो. डब्यात मात्र जे असतं ते असतं, आणि खाणाऱ्याला ते कळतं. सरकारी सेन्सॉर असो की ओसरीवरचे काका, ही वाट पुरती बंद करणं कुणाला जमत नाही.

आता मूळ प्रश्नाकडं येतो. काकांचं म्हणणं अगदीच पोकळ होतं असं मी आजही म्हणणार नाही. मृत्यूची वार्ता योद्ध्याला काय करते हे महाभारतानं दाखवून ठेवलं आहे. भीमानं अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला, धर्मराजानं हत्तीचा उल्लेख हळू आवाजात केला, आणि मुलगा गेला असं समजून द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलं. तिथंच त्यांचा वध झाला. धर्मराजाचा रथ जमिनीपासून चार अंगुळं वर चालत असे, तो त्या दिवशी जमिनीला टेकला, अशी कथा आहे. काकांच्या मनात असाच काही धाक होता. बातमी कळेल, पोराच्या हातातली बंदूक ढिली पडेल. पण त्या कथेत द्रोणांचा घात खोट्या बातमीनं झाला. खोटं बोलणाऱ्याच्या पदरात काय पडलं तेही कथा सांगते. आमच्याकडं फरक एवढाच, की मेलेल्याला आम्ही जिवंत म्हणालो, आणि आमचा हेतू मारण्याचा नसून वाचवण्याचा होता.

चांगल्या हेतूनं खोटं बोलावं का, यावर कांट या जर्मन तत्त्वज्ञानं १७९७ मध्ये एक निबंध लिहिला. मित्राच्या जिवावर उठलेला मारेकरी दारात येऊन 'तो घरात आहे का?' असं विचारू लागला, तरी खोटं बोलू नये, असं त्याचं म्हणणं. हे पचत नाही. मी तरी बोललो असतो. पण त्याच निबंधातलं एक म्हणणं मला सोडून देता येत नाही. खोटं बोलणारा पुढच्या परिणामांची जबाबदारी आपल्या अंगावर घेतो, मग त्याचं मन कितीही दयाळू असो. काका म्हणाले होते, काही झालं तर ते पाप कुणाच्या माथी? कळवण्याचं पाप आम्ही मोजलं. न कळवण्याचं मोजलंच नाही.

शिवाय, मारेकऱ्याला खरं ऐकायचा हक्क होता की नाही यावर वाद घालता येईल. माझ्या भावाला तो होता, यावर वाद नाही. बाप त्याचाही होता. ज्याला देशानं मरण बघायला पाठवलं, त्याला बापाचं मरण सोसणार नाही असं आम्ही ठरवलं. त्याला न विचारता. आम्ही त्याच्या जिवाची काळजी केली हे खरं, पण त्याचबरोबर त्याला लहान केलं. बापासाठी डोकं करायचं, दहा दिवस जमिनीवर निजायचं, चार माणसांत बसून रडायचं, हे त्याचं होतं आणि ते आम्ही त्याच्याकडून काढून घेतलं. अंधारात ट्रंकेवर बसून त्यानं एकट्यानं जे केलं, त्याला मी शोक म्हणणार नाही. शोकाला निदान कोण गेलं ते ठाऊक लागतं.

सांगणं आणि लपवणं या दोनच वाटा होत्या असं आम्ही धरून चाललो. तीही चूकच होती. तिसरी वाट होती. तार त्याच्या नावानं न करता त्याच्या अधिकाऱ्याच्या नावानं करता आली असती. पलटणीत कंपनी कमांडर असतो, सुभेदार असतो, देवळाचे पंडितजी असतात. जवानाच्या घरची वाईट बातमी कशी सांगायची याचा त्यांना आमच्यापेक्षा जास्त सराव असतो. त्यांनी त्याला पहाऱ्यावरून उतरवलं असतं, शेजारी बसवून सांगितलं असतं, दोन दिवस एकटं सोडलं नसतं. रजा मिळो न मिळो, रडायला माणसं मिळाली असती. थोडं थांबून, योग्य माणसाच्या तोंडून, पण खरं. थांबणं वेगळं आणि फसवणं वेगळं. थांबणाऱ्याला एक दिवस सांगायचं असतं. आम्हाला ते कधीच सांगायचं नव्हतं, जमेल तोवर ढकलायचं होतं.

आणि खरं सांगायचं तर, मी पत्र लिहिताना मला कुणाला वाचवायचं होतं? 'बाबा गेले' हे दोन शब्द माझ्या हातानं लिहायचे मला नको होते. भावासाठी म्हणून जे केलं, त्यातला मोठा वाटा माझ्यासाठी होता. दूरच्या माणसापासून दुःख लपवणाऱ्या प्रत्येकानं आधी एवढं स्वतःला विचारावं असं मला वाटतं.

आईबद्दल मात्र मी आजवर काही ठरवू शकलो नाही. तिनं सुनेला माहेरी जाऊन तळू दिलं नाही. अक्कांची कोडबळी बाजूला काढली नाही. आपला मुलगा घास तोंडात घालताच हात ओळखेल हे तिला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? पण ती फक्त रीत पाळत होती, असंही असेल. ती गेली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ती असेपर्यंत मी हे विचारलं नाही.

भावानं एकदा आणखी एक गोष्ट सांगितली. तिथं जाफन्याच्या बाजूला गस्त घालताना त्याला दिवाळीच्या दिवशी पणती नसलेली दारं दिसली. तिथले तमिळ लोकही दिवाळी करतात. एका दारात एक म्हातारी नुसती बसली होती. "त्या घरातही कढई चढली नव्हती," तो म्हणाला. पुढं तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. पण आमच्या घरच्या दुःखाचा हिशेब करताना ती म्हातारी मला वगळता येत नाही. कुणीतरी तिलाही 'सर्व खुशाल' म्हणून सांगत असेल का, असं मनात येतं.

आता भावाचा मुलगा फौजेत आहे. मागल्या वर्षी तो संयुक्त राष्ट्रांच्या तुकडीबरोबर दक्षिण सुदानमध्ये होता. आता मांजरपाट आणि लाख गेली, ए.पी.ओ.च्या पत्त्यापेक्षा फोनचा नंबर जास्त चालतो, रोज रात्री माणूस पडद्यावर दिसतं. लपवणं थांबलं आहे असं मात्र समजू नये. पडदा कुठं वळवायचा ते आपल्याच हातात असतं. दिवे लावलेली बाजू दाखवता येते, खाट दाखवायची राहते.

दिवाळीच्या तोंडावर वहिनीची गाठ निघाली आणि ऑपरेशन ठरलं. घरात पुन्हा तीच कुजबुज सुरू झाली. पोरगा लांब आहे, आत्ताच नको, होऊन जाऊ दे. या वेळी काकांच्या जागी मी होतो, घरातला वडील माणूस, आणि सगळे माझ्याकडं बघत होते. मी काही बोलायच्या आत भाऊ उठला, बाहेर ओट्यावर गेला आणि मुलाला फोन लावला. काय झालंय, कुठल्या दिवशी कापणार, डॉक्टर काय म्हणाले, सगळं सांगितलं. आपल्याला भीती वाटते हेही सांगितलं. पलीकडून बराच वेळ आवाज नव्हता. मग पोरानं आईला फोन द्यायला सांगितलं.

वहिनीला त्या वर्षी कढईजवळ उभं राहता आलं नाही. डबा अक्कांच्या सुनेनं भरला. अक्का आता नाहीत, पण भिंत तीच आहे. रजेवरून परतणाऱ्या एका जवानाच्या हाती डबा दिला. भावानं झाकणाखाली चिठ्ठी ठेवली. मी वाचली नाही, पण त्यानं मोठ्यानंच लिहिली होती : या खेपेला चकली तांदूळ-उडदाची आहे, कारण तुला ठाऊक आहे.